गार्लंडच्या रायफलची मोजणी

गार्लंड टॅकेट या माणसाला मी कधी पाहिलं नाही. तो गेला तेव्हा मी दोन काउंटी पलीकडे भाड्याच्या गाळ्यात बंदुका दुरुस्त करत होतो आणि त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. तरी गेली चार वर्षं आम्ही एका घरात राहतो: तो, मी आणि ट्वायला. ट्वायला आधी त्याची बायको होती. आता माझी आहे, निदान कागदावर तरी.

स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी त्याने बसवलेली आहे. इतक्या वर्षांत ती एकदाही कुरकुरली नाही. न्हाणीघराची मी बसवली, ती दर हिवाळ्यात तेल मागते. ट्वायला याबद्दल चकार शब्द काढत नाही. तिने कधी तुलना केली असती तर मला निदान भांडता तरी आलं असतं. ती नुसती तेलाची बाटली आणून माझ्या हातात देते.

तुलना करायला गाव आहेच. आमचं गाव ओझार्कच्या डोंगरात, अमेरिकेतल्या मिझूरी राज्याच्या दक्षिण भागात. इथे कोणाच्याही गोठ्यापाशी गाडी थांबवा, पाच मिनिटांत गार्लंडची गोष्ट निघते. गार्लंडने नदीतून कोणाची गाय काढली. गार्लंडने कोणाचं छप्पर शाकारून दिलं. शेवटी गवताच्या वणव्यात दुसऱ्याचं कोठार वाचवताना त्याच्या छातीत धूर भरला आणि तो गेला. बरं, मरण तरी साधं यावं ना या माणसाला. तेही नाही. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्याचा मोठा फोटो आहे, आणि दर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी त्याच्या नावाने नेमबाजी आणि मासे तळण्याचा कार्यक्रम होतो. मी दर वर्षी जातो. कोबीची कोशिंबीर खातो, हसतो आणि घरी येऊन जळतो.

माझ्याकडे मात्र एक गोष्ट होती, जी गार्लंडकडे नव्हती. मला मोजता यायचं.

परदेशातून शिकारीची म्हणून आलेली रायफल आहे तशी वापरली तर कोणी काही विचारत नाही. पण तिला घरी आणून वेगळी मूठ लावली, दस्ता बदलला, की कायदा जागा होतो. सरकारने वीस भागांची यादी केली आहे. त्यातले दहापेक्षा जास्त भाग परदेशी असता कामा नयेत, बाकीचे इथे बनलेले हवेत. नळी एक, चाप एक, दस्ता एक, मूठ एक, असं मोजत जायचं. नुसत्या गोळ्या भरायच्या मॅगझिनचेच तीन भाग धरतात. यापायी तुरुंगात गेलेला माणूस आमच्या भागात कोणी पाहिलेला नाही, पण पहिला मान आपल्याला मिळावा असंही कोणाला वाटत नाही. म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी रायफल उलगडतो, भाग टेबलावर मांडतो, मोजतो आणि एका कार्डावर लिहून देतो. एक कार्ड त्यांचं, एक माझ्या पेटीत. "डॉयलने मोजलंय" म्हटलं की आमच्याकडे पुढे कोणी बोलत नाही. मी त्याच्यावरच जगत होतो, आणि नुसतं पोटापाण्याचं म्हणत नाही मी.

सप्टेंबरमध्ये ट्वायलाच्या बहिणीने घर बदललं. माळा आवरताना तिला एक लांब पेटी सापडली. ट्वायला ती घेऊन थेट माझ्या दुकानात आली आणि टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकली.

"गार्लंडची आहे," ती म्हणाली. "अर्धीच राहिली. या वर्षी कार्यक्रमाच्या शनिवारी मी हिनेच नेम धरणार आहे. पूर्ण करून देशील?"

"बघू तरी," मी म्हणालो.

रायफल रशियन होती, या भागात डझनभर लोकांकडे असते तसली. पण तिच्यावरचं लाकूड बघितलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. दस्ता, मूठ आणि नळीखालची धरायची पट्टी, तिन्ही काळ्या अक्रोडाची. रेषा मुठीतून निघून दस्त्याच्या टोकापर्यंत अखंड गेलेल्या, म्हणजे तिन्ही भाग त्याने एकाच फळीतून ओळीने काढले होते. सांधा शोधायला नख फिरवलं तर नख अडकेना. तीस वर्षं मी हे काम करतो आहे आणि मला असं जमलेलं नाही. आणि हा पठ्ठ्या म्हणे गवताचे भारे बांधायचा.

"झाड आमच्या कोठारामागचंच," ट्वायला म्हणाली. "वादळात पडलं होतं. त्याने दोन वर्षं फळ्या सुकवल्या."

पेटीत कॉफीचा डबाही होता. त्यात चाप, घोडा आणि त्यांच्यामधला आकडा, तिन्ही नवेकोरे, ओहायोत बनलेले. म्हणजे त्याने सगळा विचार करून ठेवला होता. मला मोजायला अर्ध मिनिटही लागलं नाही. यादीतले पंधरा भाग या रायफलीत आहेत. तीन लाकडाचे, घरी केलेले, म्हणून देशी. तीन डब्यातले, तेही देशी. उरले नऊ. दहाच्या आत. मोजताही येत होतं तर त्याला.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित गप्प राहून तीन भाग बसवून दिले असते. पण मी सवयीने दस्त्याला मोजपट्टी लावली. चापापासून टोकापर्यंत साडेबारा इंच. गार्लंड सहा फूट दोन इंच होता, गावात हे पोराटोरांनाही माहीत आहे. साडेबारा इंचांत त्याची नुसती कोंडी झाली असती. दस्त्याचं माप माणसाच्या हातावरून घेतात, कोपराच्या खळगीपासून बोटाच्या पेरापर्यंत. मी मान वर करून ट्वायलाच्या हाताकडे बघितलं. ती कोपर दुमडून, ओठांवर बोट ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

रायफल त्याने तिच्यासाठी केली होती. त्याने कधीतरी तिचा हात मोजला होता, झोपेत किंवा बोलता बोलता, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ती "गार्लंडची" म्हणाली नसती. मी चार वर्षं या बाईबरोबर राहतो आहे, माझा धंदाच मापाचा आहे, आणि तिच्या हाताचं माप मला माहीत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस माळ्यावरच्या पेटीत राहूनसुद्धा माझ्या पुढे होता.

"किती भरले?" ट्वायलाने विचारलं.

"बारा," मी म्हणालो.

"बारा परदेशी? पण हे लाकूड..."

"लाकडावर शिक्का कुठाय? शिक्का नाही, कारखान्याचं नाव नाही, तर तो भाग परदेशी धरतात."

"अरे, झाड आमच्या कोठारामागचं आहे. मी त्याचे अक्रोड फोडून खाल्लेत."

"सरकार झाडाला विचारायला येत नाही, ट्वायला. शिक्का बघतं."

तिने लाकडावर हात ठेवला. मला वाटलं, वाद घालेल. घालायला हवा होता. पण तिने हात काढून घेतला.

"तू मोजणीत चुकत नाहीस," ती म्हणाली. "काढ मग. फेकू नकोस मात्र."

मी डब्यातले तिन्ही भाग बसवले, लाकडाचे तिन्ही काढून पोत्यात गुंडाळले आणि वर, फळ्यांच्या मागे सरकवले. त्यांच्या जागी काळं प्लास्टिक बसवलं, त्याच्यावर ठळक अक्षरांत 'अमेरिकेत बनवलेले'. दस्ता नेहमीच्या मापाचा, चौदा इंच. कार्ड लिहिलं: परदेशी भाग नऊ. आधीही नऊच होते आणि आताही नऊच. खाली सही केली आणि त्या दिवशी मी चक्क शीळ घालत घरी गेलो.

दुसऱ्या आठवड्यात ती कोठारामागे सरावाला लागली. मी खिडकीतून बघायचो. चौदा इंचांचा दस्ता तिच्या खांद्यात बसेना. तो दंडावर घसरायचा, गाल पुढे पोचायचा नाही, आणि नेम जायचा भलतीकडेच. वीस पावलांवरचे डबे तसेच्या तसे उभे. एरवी ही बाई दोनशे यार्डांवरचं हरीण एका गोळीत घेते. संध्याकाळी तिने बाही वर केली तर दंडावर अंड्याएवढा काळानिळा डाग.

"दस्ता लांब पडतोय का?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"माझाच हात म्हातारा झाला," ती बीन्स ताटात वाढत म्हणाली. "तू गार्लंडच्याच मापाचा लावला असशील ना. धिप्पाड माणूस."

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. उलट मला बरं वाटलं. खरंच सांगतो, तिच्या दंडावरचा डाग बघून माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटलं, की शनिवारी सगळ्या गावासमोर गार्लंडची रायफल चुकणार. मग तिने दुसऱ्या हाताने दंड दाबला, आणि मी नजर ताटात वळवली. तरी मी बीन्स खात राहिलो.

शनिवारी ट्वायला दुकानाचं काउंटर सांभाळते. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी मी मागच्या खोलीत एक नळी घासत बसलो होतो. पुढे एल्डन आले. एल्डन म्हणजे गावातले सगळ्यात जुने नेमबाज, ऐंशीच्या पुढचे. गार्लंडच्या कार्यक्रमाची सगळी व्यवस्था तेच बघतात. त्यांचा आवाज असा की मधली भिंत असून नसल्यासारखी.

"पोरी, माझं कार्ड उंदरांनी खाल्लं," ते म्हणाले. "डॉयलच्या पेटीत दुसरं असेल बघ. मला या खेपेला कार्ड दाखवल्याशिवाय कोणाला रांगेत उभं करायचं नाहीये, आणि माझंच नसेल तर लोक दात काढतील."

पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी घासायचा थांबलो.

"हे घ्या," ट्वायला म्हणाली. मग ती थांबली. "एल्डन, तुमचा दस्ता कशाचा आहे?"

"हिकरीच्या लाकडाचा, मूठही त्यातलीच. मीच तासलाय. दिसतोय ना तसा, वल्ह्यासारखा."

"शिक्का आहे त्याच्यावर?"

"शिक्का?" एल्डन हसले. "मीही हेच विचारलं होतं तुझ्या नवऱ्याला. म्हटलं, बाबा रे, याच्यावर काही नाव नाही, गाव नाही, चालेल का? तर मला म्हणतो कसा, तुमच्या कुंपणातल्या झाडाकडे रशियाचा पासपोर्ट आहे का? इथे बनलं ते इथलं. दोन भाग देशी धरून मोकळा झाला."

एल्डन कार्ड घेऊन गेले, दाराची घंटी वाजली. मी मागच्या दाराने निघून जावं असा विचार केला. मग म्हटलं, जाऊन जाऊन जाणार कुठे? हात पुसले आणि पुढे गेलो.

ट्वायला पेटीतली कार्डं एकेक काढून काउंटरवर ओळीने मांडत होती, पत्त्यांचा डाव मांडावा तशी. सगळ्यांवर माझं अक्षर. 'मूठ, मेपल, मालकाने घरी केलेली, देशी.' 'पट्टी, चेरी, घरची, देशी.' 'दस्ता, ओक, सासऱ्याने केलेला, देशी.' सात कार्डं झाली. आठवं तिने माझ्यासमोर ठेवलं, तिचं स्वतःचं.

"मला समजावून सांग," ती म्हणाली. "मी शिकलेली नाही फारशी."

"ट्वायला..."

"सासऱ्याचा ओक चालतो. गार्लंडचा अक्रोड का चालत नाही?"

कायद्याचा नवा कागद आला, असं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, कार्डांकडे बघत होती, आणि मला कळलं की आता मी आणखी एक खोटं बोललो तर ही बाई या पेटीतलं एकही कार्ड पुन्हा खरं मानणार नाही. मीही नाही.

"चालतो," मी म्हणालो. "आधीच नऊ होते. काही काढायची गरज नव्हती."

"मग काढलं का?"

"मला बघवत नव्हतं ते."

"लाकूड?"

"त्याचं काम. इतकं चांगलं होतं ते."

ती स्टुलावर बसली. तिने दाराला 'बंद'ची पाटी लावायला सांगितली, मी लावली. मग म्हणाली, "आण ते. परत बसव. मी इथे बसून बघते."

मी पोतं खाली काढलं. प्लास्टिक उतरवलं, अक्रोड चढवला. एकही भाग अडला नाही. लाकूड जागच्या जागी जाऊन बसलं. मी रायफल रिकामी आहे ना ते दोनदा तपासलं आणि तिच्या हातात दिली.

तिने ती उचलली. मी आयुष्यात हजारो लोकांना रायफल उचलताना बघितलं आहे. कोणी मान वाकडी करतं, कोणी कोपर सावरतं, कोणी पाय बदलतं. तिला काहीच करावं लागलं नाही. दस्ता खांद्यात गेला, गाल लाकडावर टेकला, डोळा नेमावर. ती तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ही मला बसते."

आता हेही सांगावंच लागणार होतं. खोटं सांगताना मला जेवढा त्रास झाला नव्हता, तेवढा हे खरं सांगताना झाला.

"तुझ्यासाठीच केली आहे," मी म्हणालो. "साडेबारा इंच. त्याच्या हाताला ही निरुपयोगी होती. तुझं माप घेऊन केलेली आहे, मुठीची जाडीसुद्धा. पेटी उघडली तेव्हाच मला कळलं."

तिने रायफल टेबलावर ठेवली आणि पुन्हा स्टुलावर बसली. मला वाटलं, आता रडेल आणि मला ते ऐकावं लागेल. ती रडली नाही.

"तो शेवटचा उन्हाळा मी त्याच्याशी धड बोलले नव्हते," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी हा माणूस कोठारात. मी जेवण झाकून ठेवायची, ते थंड व्हायचं. मी म्हटलं, तुला बायकोपेक्षा ती बंदूक प्यारी आहे तर तिथेच झोपत जा. या लाकडाचा मला इतका राग यायचा, डॉयल. तू जळलास ते काहीच नाही. तो नुसता हसायचा. म्हणायचा, ख्रिसमसपर्यंत थांब."

बाहेर कोणीतरी दार ठोठावलं आणि पाटी वाचून निघून गेलं.

"ऑक्टोबरात तो गेला. मी बहिणीला सांगितलं, ती पेटी माझ्या डोळ्यांसमोरून ने. इतकी वर्षं मी समजत होते की तो माझ्यावर रुसून गेला." तिने आता माझ्याकडे पाहिलं. "आणि तू हे मोजपट्टी लावून दोन मिनिटांत वाचलंस. आणि मला सांगितलं नाहीस. माझा दंड बघितलास तू. बीन्स खात बसलास."

मला वाटलं होतं, मी तीन लाकडं लपवली. मी काय लपवलं होतं ते मला तेव्हा कळलं. माफी मागायला तोंड उघडलं, तिने हात वर केला.

"मला नको सांगूस. शनिवारी पाळी येईल तेव्हा तिथे सांग. या पेटीत ज्यांची कार्डं आहेत त्यांनाही कळू दे. नाहीतर मी सांगेन, आणि तिथून सरळ बहिणीकडे जाईन."

पाळी म्हणजे अशी: नेमबाजीच्या आधी सगळे हॉलमध्ये जमतात, आणि प्रत्येक जण उभा राहून गार्लंडबद्दल एक गोष्ट सांगतो. मग ताटं वाढतात. मी दर वर्षी एकच वाक्य बोलायचो, "मी त्याला भेटलो नव्हतो, पण त्याची आवड चांगली होती," आणि ट्वायलाकडे बोट दाखवायचो. लोक हसायचे.

तो आठवडा ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली. मीठ दे, दार लाव. मी रात्री कूस बदलत पडायचो आणि मनात हिशेब मांडायचो. बोललो तर धंदा बसतो. खोटी मोजणी करणाऱ्याकडे कोण येणार? नाही बोललो तर ट्वायला जाते. आणि लाज वाटते सांगायला, पण या सगळ्यात मध्येच एक विचार यायचा: ती गेली तर ती पूर्ण त्याचीच होऊन जाईल.

शनिवारी हॉल भरलेला होता. बाहेर कढईत कॅटफिश तळत होते, मक्याच्या वड्यांचा वास आत येत होता. गार्लंड फोटोतून सगळ्यांकडे बघून हसत होता. मोठ्या दातांचा, हसरा माणूस. एकेक जण उठला. गाय झाली, छप्पर झालं. माझी पाळी आली तेव्हा दोघेतिघे आधीच हसायच्या तयारीत होते.

"मी त्याला भेटलो नव्हतो," मी म्हणालो. नेहमीचं हसू झालं. "पण गेल्या महिन्यात त्याची रायफल माझ्या टेबलावर आली. त्याने ती ट्वायलासाठी केली होती, तिच्या मापाची. त्याची मोजणी बरोबर होती, नऊ. मी तिला बारा सांगितले. माझ्याकडून मोजण्यात..." मी ट्वायलाकडे बघायचं टाळलं. "मोजण्यात चूक झाली."

"होतं कधीकधी," एल्डन म्हणाले. "एवढं काय त्यात."

ट्वायला तिसऱ्या रांगेत बसली होती, रायफल पेटीत, पेटी पायाशी. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

"चूक नव्हती ती, डॉयल," ती म्हणाली.

हॉलमध्ये खुर्च्यांची कुरकुर थांबली. मी सगळ्यांकडे बघितलं. यातल्या निम्म्या माणसांच्या कपाटात माझ्या सहीची कार्डं होती.

"नाही," मी म्हणालो. "चूक नव्हती. मला नऊच दिसले होते. मी मुद्दाम बारा सांगितले, त्याचं लाकूड काढून टाकता यावं म्हणून. मी जळत होतो."

"कोणावर?" एल्डननी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी फोटोकडे बोट केलं. मागे कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मेलेल्या माणसावर?"

"हो."

"बाकी तुमची सगळ्यांची कार्डं बरोबर आहेत," मी म्हणालो. "खोटं एकदाच बोललो." पण ते बोलताना मलाच ते पटण्यासारखं वाटेना, आणि मी खाली बसलो.

मग एल्डन काठी टेकत उठले. "म्हणजे माझी पुन्हा मोजून घ्यावी लागणार," ते म्हणाले. "तुझ्याकडून नव्हे, लेका. शहरात, स्प्रिंगफील्डला नेईन." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. चारपाच जणांनी माना हलवल्या. मग मासे आले आणि लोक ताटं घ्यायला उठले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.

नेमबाजीत ट्वायलाने निशाणाच्या सहापैकी सहा लोखंडी थाळ्या पाडल्या. प्रत्येक गोळीच्या आधी ती त्या लाकडावर गाल टेकायची, आणि मी कुंपणापाशी उभा राहून बघायचो. बक्षीस म्हणून हॅम मिळालं. लोकांनी तिला मिठ्या मारल्या. कोणी माझ्याकडे आलं नाही.

परतताना ती पिकअपमध्ये येऊन बसली, यावर माझा विश्वास बसेना. मला वाटलं होतं, बहिणीची गाडी येईल. रायफलची पेटी आम्हा दोघांच्या मध्ये सीटवर उभी. दोन मैल मागे पडले.

"सांगितलंस तू," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, चुकीवरच भागवशील."

"भागवणार होतो."

"माहीत आहे मला." तिने खिडकी खाली केली. "आता गेलं का मग? ते जळणं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिलाही तेच हवं असणार, आणि इतकं सगळं झाल्यावर कोणीही हो म्हटलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "तू गाल टेकायचीस तेव्हा जास्तच."

पुलापाशी मी गाडी हळू केली, कारण इथून डावीकडे तिच्या बहिणीचा रस्ता जातो आणि उजवीकडे आमचा. तिला कुठे जायचं ते मी विचारलं नाही, विचारायची हिंमतच नव्हती. इंजिन चालू ठेवून थांबलो.

ट्वायलाने मधली पेटी उचलली आणि मागच्या सीटवर ठेवली.

"मग जळ," ती म्हणाली. "पण इथून पुढे मला येऊन सांग. माझ्या वस्तूंवर काढायचं नाही. चल, वळव उजवीकडे."